बॅक्लोफेनचा पत्ता शोधणारे बोवरी

सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात भावी डॉक्टर औषधशास्त्रात बॅक्लोफेन शिकतात. आखडलेले स्नायू सैल करणारं हे औषध ‘गाबा’ या मेंदूला शांत ठेवणाऱ्या रसायनाच्या धर्तीवर बनवलेलं. पण ते नेमकं कुठे काम करतं, हे बरीच वर्षं उलगडत नव्हतं. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ नॉर्मन बोवरी यांनी १९८०मध्ये दाखवलं, की चेतातंतूंच्या टोकांवर गाबाचा वेगळाच ग्राही (रिसेप्टर) आहे आणि बॅक्लोफेन त्याच्यावरच काम करतं. गाबाचा परिचित ग्राही बायकुक्युलिन या रसायनाने बंद पडतो. हा त्याला मुळीच दाद देत नाही! १९८१मध्ये या नव्या ग्राहीला ‘गाबा-बी’ नाव मिळालं. त्याचं जनुक हाती यायला १९९७ उजाडलं. तोवर सारा भरवसा औषधांना मिळणाऱ्या प्रतिसादावर होता, आणि बोवरींचं खरं थोरपण मला तिथेच दिसतं.