शून्य फुटांचा फ्लॅट

सोमवारची रिव्ह्यू मीटिंग. टीममध्ये नुकताच आलेला, जेमतेम तेवीस वर्षांचा एक मुलगा पडद्यावर ग्राफ लावतो. ठिपक्यांचा सडा आणि त्यातून आरपार गेलेली एक लाल रेघ. ‘लिनिअर रिग्रेशन रन केलंय. आर-स्क्वेअर पॉइंट एट टू आलाय,’ तो म्हणतो. बॉस मान डोलावतो. बॉसने डोलावली म्हणून शेजारचा डोलावतो. आणि मग मीही. अगदी सगळं समजल्यासारखी!

खरं सांगू? मला ओ की ठो कळलं नव्हतं.

तसं बघितलं तर एफवाय बीकॉमला हे सगळं होतं. गाइडमधली सूत्रं घोकली, पेपरात ओकली, पास झाले आणि गेटबाहेर पडता पडता विसरले. तुमचंही थोडंफार असंच असेल, नाही? पण हल्ली हे जुनं भूत ऑफिसातल्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये उभं राहतं. मार्केटिंगवाल्यांना ते लागतं, एचआरवाल्यांना लागतं, फायनान्सवाल्यांना तर लागतंच. आणि आपण किती दिवस नुसत्या माना डोलावणार?

क्लासची चौकशी केली. फी ऐकली, फोन ठेवला. शिवाय शनिवार-रविवार दोन्ही त्यात जाणार, म्हणजे घरी महायुद्ध. तेव्हा नणंद म्हणाली, ‘अगं वहिनी, पैसे कशाला घालवतेस? सगळं फुकटात पडलंय नेटवर.’

फुकट, पण भारी

पडलंय, हे खरंच. आणि जे पडलंय ते साधंसुधं नाही. सलमान खान (वांद्र्याचा नव्हे, अमेरिकेतला!) हा बोस्टनमध्ये हेज फंडात नोकरी करणारा माणूस. २००४ मध्ये तो आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, फोनवरून गणित शिकवायला लागला. मग इतर भावंडंही मागे लागली, तेव्हा २००६ मध्ये त्याने धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे खान अकॅडमी उभी राहिली. काळा पडदा, त्यावर रंगीत अक्षरं आणि मागून येणारा एक निवांत आवाज, बस्स. रिग्रेशनच्या रेघेचं सूत्र कुठून येतं, हे तो तीनचार तुकड्यांत, एकही पायरी न गाळता काढून दाखवतो.

दुसरे अँड्र्यू एंग. स्टॅनफर्डचे प्राध्यापक. २०११ च्या हिवाळ्याआधी त्यांनी आपला मशीन लर्निंगचा कोर्स जगासाठी ऑनलाइन खुला केला आणि लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली. त्या धड्याने पुढच्याच वर्षी, डॅफ्नी कोलर यांच्या साथीने, कोर्सेरा उभी केली. त्या कोर्समधलं पहिलं मोठं उदाहरण कशाचं होतं माहितीये? घरांच्या किमतींचं! अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातली घरं. आडव्या रेघेवर क्षेत्रफळ, उभ्या रेघेवर किंमत. हे उदाहरण माझ्या डोक्यात घट्ट बसलं. का, ते पुढे येतंच.

आपल्याकडचं एनपीटीईएल तर आयआयटी आणि आयआयएससीने मिळून २००३ पासून चालवलेलं. फळा, खडू, कधी कधी थोडा झोप आणणारा सूर, पण माल अस्सल. आणि जोश स्टारमर नावाचा एक अवलिया ‘स्टॅटक्वेस्ट’ चालवतो. सुरुवातीलाच चार ओळींचं गाणं म्हणतो आणि मुद्दा पटला की ‘बॅम!’ असं ओरडतो. पहिल्यांदा वाटतं, काय पोरकटपणा आहे हा! तिसऱ्या व्हिडिओला आपणच त्याच्याबरोबर ओरडतो.

एक मात्र आधीच सांगते. व्हिडिओ फुकट असले तरी सर्टिफिकेट आणि परीक्षेला बहुतेक ठिकाणी फी असते. मला कागद नको होता, मला मान डोलावायची नव्हती. त्यामुळे माझं काही अडलं नाही.

दीडपट स्पीड, शून्य प्रगती

आणि इथेच माझा पोपट झाला.

सकाळी ८.०७ ची लोकल, कानात इअरफोन, व्हिडिओ दीडपट वेगाने. जाताना दोन, येताना दोन. दहा दिवसांत माझा रिग्रेशनचा अख्खा ‘सीझन’ बघून संपला. समोरचा माणूस रेघ काढतोय, मी मान डोलावतेय. सगळं कसं छान कळतंय! एका रात्री नवऱ्याने सहज विचारलं, ‘मग, काय असतं ते?’ मी ऐटीत कागद घेतला, दोन अक्ष काढले, पाच ठिपके काढले. मग रेघ... रेघ नेमकी कुठून काढायची? पेन तिथेच थांबलं. दहा दिवस मी मीटिंगमध्ये जे करत होते, तेच लोकलमध्ये करत होते. फरक एवढाच, की बॉसऐवजी स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांसमोर!

दुसऱ्याने पोहताना बघून आपल्याला पोहता येत नाही, हे आईने शंभर वेळा सांगितलं असेल. पण सांगणारा चांगला असला, की आपण ते हमखास विसरतो. तो इतकं सोपं करून सांगतो, की आपल्याला कळलंय असंच वाटतं.

मग पद्धत बदलली. लोकलमध्ये व्हिडिओ बंद. रात्री जेवणानंतर अर्धा तास, डायनिंग टेबल, वही, पेन्सिल. त्याने आकडे मांडले, की लगेच पॉज. उत्तर आधी मी काढणार, मग तो. आठ मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागायचा. आणि उदाहरण पोर्टलंडचं नाही, आमचं घ्यायचं.

कारण त्याच महिन्यात आम्ही डोंबिवलीत फ्लॅट शोधत होतो.

पाच ठिपके, एक रेघ

आमच्या यादीत एकोणीस फ्लॅट होते. इथे तुम्हालाही कागदावर करता यावं म्हणून पाचच देते, आकडे गोल करून. ४०० फूट ५२ लाख, ५०० फूट ६० लाख, ६०० फूट ७३ लाख, ७०० फूट ८० लाख, ८०० फूट ९५ लाख. सगळे कार्पेट एरियाचे फूट बरं का! पहिल्या यादीत मी एकाचा कार्पेट आणि दुसऱ्याचा बिल्ट-अप एकत्र मिसळला होता. त्यातून जी रेघ आली ती बघून नवरा म्हणाला, ‘ही रेघ आहे की आपला शिळफाटा रोड?’

आता बघा. फुटांची सरासरी ६००, किमतीची ७२ लाख. प्रत्येक फ्लॅट सरासरीपासून किती दूर आहे ते लिहायचं. ४०० वाला फुटांत उणे २००, किमतीत उणे २०. या दोघांचा गुणाकार ४,०००. असं पाचही फ्लॅटचं करून बेरीज घ्या, १०,६०० येते. मग फुटांच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्या, १,००,००० येते. पहिलीला दुसरीने भागा: ०.१०६ लाख, म्हणजे १०,६०० रुपये. हाच रेघेचा चढ! एक फूट वाढला की किंमत साधारण १०,६०० रुपयांनी वाढते. ही रेघ दोन्ही सरासऱ्यांच्या बिंदूतून, ६०० आणि ७२ मधून, जाणारच. त्यावरून ती डावीकडे शून्य फुटांवर कुठे टेकते ते काढलं, तर ८.४ लाख.

म्हणजे शून्य फुटांच्या फ्लॅटची किंमत आठ लाख चाळीस हजार! मुंबईच्या आसपास कोणी सांगावं, तोही विकतील. पण गमतीचा भाग सोडा. आपले ठिपके ४०० ते ८०० च्या मधले आहेत, त्यापलीकडे रेघ काय बोलते त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला या आकड्याने जितकं पक्कं शिकवलं तितकं एकाही व्हिडिओने नाही.

पण हीच रेघ का? दुसरी का नाही? तर प्रत्येक ठिपका रेघेपासून वर किंवा खाली किती चुकतो ते मोजायचं. त्याला म्हणतात रेसिड्यूअल, म्हणजे रेघेने उरवलेली बाकी. नुसती बेरीज केली तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात; आमची बाकी १.२, उणे १.४, १, उणे २.६ आणि १.८, बेरीज चक्क शून्य. म्हणून आधी वर्ग करायचे, मग बेरीज. आमची आली १४.४. दुसरी कुठलीही सरळ रेघ काढा, ही बेरीज याहून जास्तच येईल. वर्गाचा आणखी एक परिणाम असा, की एक मोठी चूक चार छोट्या चुकांपेक्षा महागात पडते. त्यामुळे रेघ लांब पडलेल्या ठिपक्याकडे ओढली जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही युक्ती लजांद्र या फ्रेंच गणितीने १८०५ मध्ये छापली. १८०९ मध्ये गाउसने छापताना सांगितलं, की मी तर ती १७९५ पासून वापरतोय! त्यावरून दोघांत चांगलीच जुंपली. ‘रिग्रेशन’ हे नाव मात्र गॉल्टनचं. १८८६ मध्ये त्याने आईवडिलांची आणि ९२८ मुलामुलींची उंची ताडून पाहिली. उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीकडे थोडी ‘मागे सरकलेली’. नाव तिथलंच राहिलं. आता सरकत काही नाही, तरी रिग्रेशनच!

ताई, उद्या टोकन द्या!

आता पुन्हा ती बाकी बघा. ७०० फुटांचा फ्लॅट उणे २.६. म्हणजे रेघेच्या हिशेबाने तो ८२ लाख ६० हजारांना हवा होता, मिळत होता ८० ला. एजंट रोज फोन करत होता, ‘ताई, असा सौदा परत मिळणार नाही. उद्या टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे.’ आणि गंमत म्हणजे माझं गणितही त्याचीच री ओढत होतं! मी चेकबुक बाहेर काढलं. आपण शिकलेल्या गोष्टीने पहिल्यांदाच आपले अडीच लाख वाचवले, या आनंदात मी रात्रभर तरंगत होते.

सकाळी चहा गाळताना नवरा म्हणाला, ‘ते ठीक आहे गं. पण तो स्वस्त का आहे?’

माझ्या रेघेला फक्त फूट माहीत होते. बाकी कशाचाच पत्ता नव्हता. मी फोन लावला आणि एकेक विचारत गेले. मजला चांगला, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, पाणी येतं. ‘ओसी?’ पलीकडे क्षणभर शांतता. ‘ताई, ओसीचं काम चालू आहे. होऊन जाईल.’ किती वर्षं चालू आहे? चार.

भोगवटा प्रमाणपत्रच नाही! म्हणजे कर्जापासून पाण्याच्या कनेक्शनपर्यंत आणि पुढे विकायला काढलं तर तिथेही, कटकट आपल्या गळ्यात. त्या २.६ लाखांची सूट नव्हतीच, ती त्या कटकटीची किंमत होती. आणि खरं तर फारच कमी लावलेली. चेकबुक परत कपाटात गेलं.

पण मला त्या उणे २.६ चा राग नाही. तो आकडा नसता, तर ‘का?’ हा प्रश्न आम्हाला पडलाच नसता.

परत सोमवार

दोन आठवड्यांनी तोच मुलगा, तोच पडदा, जाहिरातीवरचा खर्च आणि विक्री. आर-स्क्वेअर ०.८२. म्हणजे विक्रीतल्या चढउतारापैकी ८२ टक्के रेघेने टिपला, १८ टक्के सुटला. (आमच्या पाच फ्लॅटचा ०.९८७ आला होता. त्याचा अर्थ इतकाच, की ठिपके पाचच होते आणि मी ते सोयीचे निवडले होते!) अन्सकम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार वेगवेगळे डेटा दिले होते. चौघांची रेघ जवळपास एकच, आर-स्क्वेअरही तोच, पण ठिपके काढले की चार निराळीच चित्रं. तेव्हापासून जाणते सांगत आलेत, आकडा नंतर, चित्र आधी.

मी हात वर केला. छाती धडधडत होती हे कबूल. ‘जरा तो ग्राफ परत दाखवतोस? तो उजव्या कोपऱ्यातला एकटा ठिपका कसला आहे?’

त्याने माउस नेऊन बघितलं. ‘मॅडम, तो दिवाळीचा आठवडा.’

‘तो काढून रेघ कशी येते?’

त्याने तिथल्या तिथे काढून पाहिलं. रेघ बरीच आडवी झाली. ०.८२ चे ०.४ च्याही खाली गेले. खोलीत कोणीच मान डोलावली नाही. मुलगा बिचारा लाल झाला. मला एकदम वाईट वाटलं, कारण महिन्यापूर्वी मी त्याच्या जागी असते तर हा ग्राफसुद्धा काढू शकले नसते. लंच टाइमला तो डबा घेऊन माझ्या टेबलावर आला. ‘मॅडम, तुम्ही कुठे शिकलात?’ मी जोश स्टारमरचं नाव सांगितलं. त्याने ‘बॅम!’ केलं. अरेच्चा, म्हणजे यानेही बघितलंय! ‘पण मी ते टू-एक्सवर बघितलं,’ तो ओशाळून म्हणाला.

आम्ही अजून भाड्यानेच राहतोय. यादीत आता तेवीस फ्लॅट आहेत आणि एक नवा कॉलम: ओसी आहे, की नाही. त्यात असेल तर एक, नसेल तर शून्य लिहायचं. त्याला डमी व्हेरिएबल म्हणतात, असं कळलंय. त्याचा व्हिडिओ काल रात्री लावला. सतरा मिनिटांचा आहे. सहाव्या मिनिटाला पॉज केलाय आणि वही उघडी आहे.