शतपावलीमागचे शास्त्र

रात्रीचे जेवण आटोपले की घरातील वडीलधारी मंडळी चपला सरकवून अंगणात किंवा गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या घालीत. कारण विचारल्यास ‘अन्न पचते’ एवढेच उत्तर मिळे. पुढे अंगणे गेली, सदनिका आल्या आणि हात धुऊन मंडळी थेट दूरदर्शन संचासमोर विसावू लागली. वैद्यकशास्त्राने मात्र या विस्मृतीत चाललेल्या सवयीची दखल घेतली आहे.

पोळी-भाताचे ग्लुकोजमध्ये रूपांतर होऊन ते रक्तात उतरते. जेवणानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात रक्तशर्करेची लाट सर्वांत उंच असते. ही शर्करा स्नायूंच्या पेशींत शिरावी यासाठी इन्सुलिन दार उघडते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तीत इन्सुलिन असूनही ते दार पुरेसे उघडत नाही. येथेच चालण्याचे महत्त्व आहे. स्नायू आकुंचन पावू लागले की ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि शर्करा आत ओढून घेतात. मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू आकाराने मोठे असल्याने संथ चालण्यानेही लाटेची उंची कमी होते.

अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये साठीपुढील व्यक्तींवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे आणि सकाळी एकदाच पंचेचाळीस मिनिटे चालणे, या दोहोंमुळे दिवसभराची सरासरी शर्करा सारखीच सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरची वाढ रोखण्यात मात्र पहिला मार्ग सरस ठरला. प्रयोगातील माणसे अवघी दहा होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. ‘शत’ हा आकडाही शब्दशः घेण्यात अर्थ नाही. शंभर पावले मिनिट-दीड मिनिटात संपतात!

चालणे आणि हृदय यांचे नाते त्याआधीच उलगडू लागले होते, तेही लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. चालक व वाहक एकाच संस्थेचे नोकर, एकाच बसमधले सहकारी. परंतु चालक दिवसभर आसनावर खिळलेला, तर वाहक तिकिटे फाडीत जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले आणि आजार झाला तरी तो तितका जीवघेणा ठरत नव्हता. टपाल खात्यातही घरोघर पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्यांपेक्षा सुरक्षित दिसले. चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका निघणे स्वाभाविक होते. त्यासाठी मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापे तपासली! चालकांच्या कंबरा रुंद होत्या खऱ्या, परंतु सडपातळ असो वा स्थूल, वाहकाला धोका कमीच होता.

आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी असल्याचे दाखविले. काउंटरमागे वा संगणकासमोर आठ तास बसणाऱ्याची अवस्था त्या बसचालकाहून फारशी वेगळी नाही. ‘रोज दहा हजार पावले’ या घोषणेने अनेकांना आरंभीच धडकी भरते. पण हा आकडा प्रयोगशाळेतून नव्हे, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकी महिलांच्या पाहणीत सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला.

शतपावलीसाठी वेग लागत नाही, सहज गप्पा मारता येतील इतकी चाल पुरेशी आहे. पावसाळ्यात सोसायटीचा व्हरांडाही चालतो. भरपेट जेवून लगेच झपाझप चालणे मात्र टाळावे. छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच इन्सुलिन वा शर्करा झपाट्याने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.