ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी गाडीची रेस का वाढते?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, तर मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात. या दोघांमधल्या राजूर घाटात गाडीची छोटी खोडही लपत नाही. चढाला रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण गाडी काही उचलत नाही. मग कुणी म्हणतं डिझेल खराब, कुणी म्हणतं इंजिनचं काम निघालं. खरं तर आधी एकच गोष्ट पाहायची असते : रेस गाडी चालताना वाढते की उभी असताना?

चालताना आरपीएम झपकन वर जातो आणि वेग मात्र तेवढाच राहतो, तर मॅन्युअल गाडीत पहिला संशय क्लचवर घ्यावा. क्लच प्लेट घासली की ती घसरते आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. सोबत जळका वास आला तर फार शंका उरत नाही. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवण्याची सवय प्लेट लवकर संपवते. (सीव्हीटी ऑटोमॅटिकमध्ये मात्र वेगाआधी रेस वाढणं बऱ्याचदा नॉर्मल असतं.)

उभ्या गाडीचं गणित वेगळं. गरम झालेलं पेट्रोल इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर स्थिर राहतं. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर किंवा एसी लावल्यावर आकडा थोडा वाढतो, त्यात बिघाड नाही. पण इंजिन तापल्यावरही काटा १५०० वर अडकला किंवा सतत वर-खाली नाचू लागला, तर बहुतेक वेळा हवेचा हिशोब चुकलेला असतो. व्हॅक्यूम पाइपला चीर पडली की न मोजलेली हवा आत शिरते. कधी बॉनेटखाली फुस्स असा आवाजही येतो. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला तर झडप नीट बसत नाही. हे काम साफसफाईत भागू शकतं, त्यामुळे थेट महागडा सेन्सर बदलायला होकार देऊ नका. आधी स्कॅनर लावून कोड बघायला सांगा.

कूलंटही तपासा. तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगू लागला तर कॉम्प्युटर इंजिन थंडच समजतो आणि रेस चढीच ठेवतो. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

आणि पायाखालची मॅट? हसू नका. मॅटमध्ये पेडल अडकण्याच्या धोक्यामुळे टोयोटाला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला होता.

घाट उतरताना पेडल अडकलंच, तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, पंप करत बसू नका. लगेच गाडी न्यूट्रल करा. इंजिन कितीही ओरडलं तरी चालत्या गाडीत चावी काढू नका, कारण स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी कडेला पूर्ण थांबली की मग इंजिन बंद करा.