सापाच्या पेटीला लागलेल्या मुंग्या

साखरेच्या डब्याला मुंग्या लागतात, गुळाच्या ढेपेला लागतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पण सापालाही मुंग्या लागतात, हे मला वयाची पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो उशीर तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आज हा विषय.

मी कुरुळीत राहतो. पुणे-नाशिक रस्त्यानं मोशी मागं टाकली, की चाकणच्या अलीकडं आमचं गाव लागतं. पूर्वी जिथं बांध होते तिथं आता कारखान्यांच्या भिंती आहेत. जमीन सपाट करायला जेसीबी आला, की बिळातले साप उघड्यावर येतात. कुणी गोदामात शिरतो, कुणी मोटारीच्या बॉनेटमध्ये. आमच्या शेजारचा एक मुलगा कारखान्यात पाळीला जातो आणि उरलेल्या वेळात सर्पमित्र म्हणून धावपळ करतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो रात्री दारात उभा राहिला. हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा. "चाचा, धामण आहे. जेसीबीचा दात लागलाय पाठीला. वन खात्याला कळवलंय, सकाळी डॉक्टरांकडं नेतो. आता मला पाळीला जायचंय. रात्रभर तुमच्या ओट्यावर राहू दे." धामण बिनविषारी. मी हो म्हटलं.

पहाटे नमाजासाठी उठलो, तर भिंतीवरून लाल मुंग्यांची रांग थेट डब्यात गेलेली. पावसानं वारूळ भिजलं, की मुंग्या कोरडी जागा आणि खाणं शोधत घरात येतात, आणि डब्यात तर उघडी जखम होती. मी घाबरलो. स्वयंपाकघरातली मुंग्यांची पावडर आणली, डब्याभोवती टाकली, थोडी भोकांतूनही आत भुरभुरली. मुंग्या तासाभरात मेल्या. मुलगा परत आला तेव्हा धामण थरथरत होती, मान एका बाजूला वळत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पावडर वगैरे टाकली होती का?" दुपारी ती गेली. जखमेनं की पावडरीनं, हे त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. मुलगाही मला काही बोलला नाही. त्यानं डबा धुतला आणि उन्हात पालथा घातला.

त्यानंतर मी त्याच्याकडून आणि त्या डॉक्टरांकडून समजून घेतलं ते असं. बाजारातल्या बऱ्याच मुंग्यांच्या पावडरी आणि खडू सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा औषधांचे असतात. ही औषधं किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करतात. माणसाचं शरीर गरम असतं, आपलं यकृत ती चटकन फोडून बाहेर टाकतं. सापाचं शरीर भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा थंड. त्याच्या अंगातून विष फार सावकाश जातं, आणि गारठ्यात तर आणखीच सावकाश. शिवाय साप पोटावर सरपटतो, म्हणजे जमिनीवरचं सगळं त्याच्या अंगाला लागतं. तो जीभ बाहेर काढतो ती वास घेण्यासाठी. हवेतले आणि जमिनीवरचे कण जिभेला चिकटतात आणि तोंडात टाळूजवळच्या अवयवाकडं जातात. म्हणजे मी टाकलेली पावडर ती धामण रात्र सरता सरता अक्षरशः चाटत होती. फिनेल, रॉकेल, डांबरगोळ्या यांचंही तेच. बंद पेटीत त्यांची वाफ कोंडते.

मग मुंग्या येऊ द्यायच्या का? मुळीच नाही. आजारी, जखमी, कात टाकायला आलेला किंवा नुकतंच भक्ष्य गिळून सुस्तावलेला साप मुंग्यांपासून पळू शकत नाही, आणि पेटीत पळणार तरी कुठं? त्याला पापण्या नसतात, अंग झाडायला पाय नसतात. उबवायला ठेवलेली अंडी तर मुंग्या फस्त करू शकतात.

उपाय माझ्या अम्मीच्या स्वयंपाकघरातच होता, आणि मला तो आठवला नाही याचंच वाईट वाटतं. अम्मी मुंगी मारू देत नसे. हजरत सुलेमानांचं लष्कर येताना पाहून मुंगीनं आपल्या बायांना घरात जायला सांगितलं, ती गोष्ट ती आम्हाला सांगायची. मग दुधाला मुंग्या लागू नयेत म्हणून ती काय करी? परातीत पाणी, पाण्यात पातेलं. आणि जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. बस.

सापाच्या पेटीलाही हेच करायचं. पेटी भक्कम स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाका. नाहीतर हलकी मुंगी पाण्याच्या सायीवरून चालावं तशी तरंगत पलीकडं जाते. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर त्यात डास होतील. पेटी भिंतीला टेकू देऊ नका. पडदा, दोरी, विजेची वायर यांपैकी एक जरी टेकली, तरी मुंग्यांना पूल मिळाला.

मुंग्या आधीच आत गेल्या असतील, तर जाणत्या माणसानं साप दुसऱ्या स्वच्छ डब्यात हलवावा. विषारी साप असेल तर बाकीच्यांनी हातही लावू नये. अंगावरच्या मुंग्या ओल्या मऊ फडक्यानं हलकेच टिपून काढाव्यात. पेटीतला पालापाचोळा, माती लांब नेऊन टाकावी. पेटी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवावी, साबणाचा अंश राहू देऊ नये, उन्हात खडखडीत वाळवावी. आत माती घालण्यापेक्षा वर्तमानपत्राचा कागद अंथरावा; एक मुंगीसुद्धा लगेच दिसते. मग रांग पाहावी. मुंग्या आपल्या वासाचा माग जमिनीवर ठेवत जातात, मागून येणारी त्याच मागावर चालते. तो माग साबणाच्या पाण्यानं पुसला, की रांग गोंधळते. जिथून ती येते ती भेग बुजवावी. न खाल्लेला उंदीर, विष्ठा, टाकलेली कात पेटीत पडू देऊ नये. मुंग्यांना आमंत्रण देतं ते हेच.

एक खुलासा करायला हवा. धामण, नाग, अजगर असे आपल्याकडचे साप घरात हौसेनं पाळायला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. पुण्यात कात्रजला 1986 साली सर्पोद्यान झालं, साप पाहायचे तर अशा ठिकाणी. हल्ली शहरात कुणाकुणाकडं बॉल पायथनसारखे परदेशी साप असतात. 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि सुटका केलेला साप हा पाहुणा. जमेल तितक्या लवकर वन खात्याच्या हवाली करायचा. त्यांचा क्रमांक 1926. पण पाहुणा एका रात्रीचा असला, तरी त्या रात्रीची जबाबदारी आपली असते.

मुंगी आणि साप यांचं वैर मात्र समजू नका. आयत्या बिळावर नागोबा, असं आपण म्हणतो. ते वारूळ खरं तर वाळवीनं बांधलेलं असतं. आणि वाळा नावाचा बोटाएवढा आंधळा साप तर मुंग्यांची अंडी आणि अळ्या खाऊनच जगतो. गुळगुळीत घट्ट खवल्यांमुळं मुंग्यांचा चावा त्याला फारसा लागत नाही. तुमच्या तुळशीच्या कुंडीतही तो सापडेल, गांडूळ समजून सोडून द्याल. मोकळ्या मातीत दोघांचंही निभतं. अडचण होते ती आपण एकाला पेटीत बंद करतो तेव्हा.

आता आमच्या ओट्यावर एक स्टूल आहे. त्याच्या चार पायांखाली अम्मीच्या चार पितळी वाट्या आहेत. मुलगा रात्री-अपरात्री डबा आणतो, तेव्हा आम्ही काही बोलत नाही. तो डबा स्टुलावर ठेवतो, मी वाट्यांत पाणी भरतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)