पिल्लांच्या पोटातील जंत : आधी ओळखा, मग औषध पाजा

पावसाळा लागला की परसातली कोंबडीची पिल्ले खंगू लागतात. दाणा खातात, पण अंगी लागत नाही. पंख ओघळतात, तुरा फिका पडतो, छातीचे हाड हाताला टोचते. शेजारी सांगतो, "जंत झालेत." लगेच औषधाची बाटली घरात येते. शेतकरी बंधू-भगिनींनो, बाटली उघडण्याआधी पिल्लांचे वय आणि विष्ठा बघा.

तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांची विष्ठा रक्तमिश्रित असेल आणि पिल्ले पटापट मरत असतील, तर ती बहुधा रक्ती हगवण असते. हा कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जीवाचा रोग आहे. त्यावर जंताचे औषध चालत नाही. अँप्रोलियमसारखे वेगळे औषध लागते आणि ते त्याच दिवशी सुरू करावे लागते. इथे गल्लत झाली तर पैसे जातात आणि पिल्लेही जातात.

जंताचा त्रास हळूहळू वाढतो. एकाच वयाच्या पिल्लांत काही मोठी, काही खुरटी दिसतात. गोल जंताचे अंडे विष्ठेतून बाहेर पडले की ओलाव्यात साधारण दहा ते वीस दिवसांत रोगकारक होते. पिल्लाने ते टिपले की पोटात पूर्ण जंत तयार व्हायला पाच ते आठ आठवडे लागतात. म्हणून अगदी लहान पिल्लांत मोठे जंत दिसत नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना मात्र या जंताचा त्रास सर्वांत जास्त होतो.

एखादे पिल्लू मेले तर डॉक्टरांकडून त्याचे आतडे उघडून बघून घ्या. शिजवलेल्या शेवयांसारखे पांढरे, बोटाएवढे लांब दिसतात ते गोल जंत. चपटे, फितीसारखे, आतड्याला चिकटलेले असतील ते पट्टकृमी. जिवंत पिल्लांसाठी चार-पाच ठिकाणची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या.

ही ओळख कशासाठी? पिपरॅझिन हे स्वस्त औषध मोठ्या गोल जंतावर चांगले चालते, पट्टकृमीवर नाही. शिवाय ते वाढलेल्या जंतावरच काम करते. आतड्याच्या अस्तरात दडलेली पिल्ले-जंत वाचतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने दुसरी मात्रा द्यावीच लागते. माणसांची गोळी अंदाजाने कुस्करून घालू नका. मात्रा वय आणि वजन बघून ठरते.

औषध पाजायची रीत सोपी आहे. सकाळी दोन तास पाणी बंद ठेवा. नंतर पिल्ले थोड्या वेळात संपवतील एवढ्याच पाण्यात औषध मिसळा. भांडी जास्त ठेवा, म्हणजे अशक्त पिल्लेही पितील. आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतची लस द्यायची असेल, तर त्याआधी आठवडाभर जंताचे औषध उरकून घ्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना औषध देताना अंडी किती दिवस खायची नाहीत, हे विचारून घ्या.

एवढे करूनही खुराडे ओले राहिले तर जंत परत येणारच. ओलसर, सावलीच्या मातीत जंताची अंडी कित्येक महिने टिकतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो. तूस रोज हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ढेकूळ झालेला भाग काढून खड्ड्यात कुजू द्या. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवा. माशा, मुंग्या आणि शेणकिडे पट्टकृमी पसरवतात, म्हणून उकिरडा खुराड्यापासून लांब हवा.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि बचत गटांच्या ताईंना एक विनंती. वस्तीतल्या कोंबड्या एकमेकांच्या उकिरड्यावर चरतात. एका घराने औषध पाजले आणि शेजारच्या चार घरांनी नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिलेच पाढे. पावसाळ्याच्या तोंडी दवाखान्याशी बोलून एक दिवस ठरवा आणि साऱ्या वस्तीने एकाच दिवशी औषध पाजा. योजनेतून पिल्ले वाटताना औषधाचा हा दिवसही सांगून टाका. घरच्या बाईचा मीठमिरचीचा आणि पोरांच्या वह्यांचा खर्च याच अंड्यांवर चालतो, हे ध्यानात असू द्या.