लांब शाफ्टसाठी टर्न-मिल मशीन घेताय? आधी जॉब मोजा, मग कॅटलॉग उघडा

बेळगाव : उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील मशीन शॉपमध्ये पंप, गिअरबॉक्स आणि मोटारीचे लांब शाफ्ट करण्याचं काम नवं नाही. बहुतेक ठिकाणी आजही शाफ्ट लेथवर टर्न होतो, तिथून व्हीएमसीवर कीवे मारायला जातो, मग ड्रिलिंगला आणि शेवटी ग्राइंडिंगला. ही सगळी फिरवाफिरव एकाच मशीनवर संपवणारं मल्टिटास्किंग सीएनसी, म्हणजेच टर्न-मिल मशीन घ्यावं का, हा प्रश्न आता मध्यम शॉपपुढेही आहे. रक्कम मोठी असते, कर्जाला बऱ्याचदा जागा तारण असते. त्यामुळे निवड चुकली तर पुढची अनेक वर्षं हप्ता भरताना ती आठवत राहते.

फायदा नेमका कुठे?

शाफ्ट एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर बांधला की प्रत्येक वेळी थोडा रनआउट शिरतो. ५० मि.मी. बेअरिंग सीटला के-६ टॉलरन्स असेल तर माप ५०.००२ ते ५०.०१८ मि.मी. यांच्यामध्ये बसावं लागतं. हातात फक्त १६ मायक्रॉन. त्यात दोन सीट एकमेकांशी एककेंद्री हव्यात आणि कीवे आडव्या भोकाशी ठरावीक कोनात हवा, असं ड्रॉइंग असेल तर एकाच बांधणीत काम उरकण्याला खरी किंमत आहे.

पण शाफ्टला मध्ये हार्डनिंग असेल तर तो मशीनवरून उतरणारच आणि नंतर सीट ग्राइंडिंगलाही जाणार. अशा जॉबमध्ये ‘एकदा बांधला की तयार’ हे वाक्य अर्धंच खरं असतं.

लांबीपेक्षा लांबी-व्यासाचं गुणोत्तर

पहिला हिशेब शाफ्टच्या लांबीला व्यासाने भागण्याचा. साधारण अंदाज असा : ४ पर्यंत नुसत्या चकवर भागतं, १० च्या आसपासपर्यंत टेलस्टॉक लागतो, त्यापुढे स्टेडी रेस्ट हवीच. ९०० मि.मी. लांब, ५० मि.मी. व्यासाच्या पंप शाफ्टचं गुणोत्तर १८ येतं. म्हणजे स्टेडीशिवाय हा जॉब मशीनला द्यायचाच नाही.

कारण साधं आहे. टूलचा दाब तेवढाच असला तरी लांबी दुप्पट झाली की शाफ्ट आठपट वाकतो. व्यास निम्मा झाला तर सोळापट. टेलस्टॉकचा आधार मिळाला की हे वाकणं खूप कमी होतं, पण मधला भाग तरीही टूलपासून दूर ढकलला जातो आणि तिथे व्यास जास्त राहतो. शाफ्ट पोटात फुगलेला दिसतो, फिनिशवर चॅटरच्या रेघा येतात. मिलिंगमध्ये कटरचे दात थांबून-थांबून आदळतात, त्यामुळे त्रास आणखी वाढतो.

म्हणून स्टेडीबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. ती प्रोग्रॅमने पुढे-मागे सरकते का, आपोआप केंद्रात पकडते का, आणि आपल्या सर्वांत बारीक व सर्वांत जाड व्यासाला तिची पकड पुरते का. काही मशीनवर स्टेडी खालच्या टरेटवर बसते. मग तो टरेट कटिंगला मोकळा राहत नाही, हे सायकल टाइममध्ये धरावं लागतं.

कॅटलॉगमधली लांबी आणि खरी लांबी

‘सेंटरमधलं अंतर १५०० मि.मी.’ असं छापलेलं असतं. त्यातून चकचे जबडे आणि सेंटरची जागा वजा होते. शाफ्टच्या तोंडावर ड्रिल मारायचं असेल तर शाफ्टची लांबी, ड्रिलची लांबी आणि होल्डर एवढी जागा एकाच रेषेत लागते. ९०० च्या शाफ्टला २५० चं टूल धरलं की ११५० झाले, होल्डर आणि मिलिंग हेड वेगळं.

स्पिंडलच्या आरपार भोकाचा व्यासही पाहावा. ५० मि.मी. शाफ्ट ६५ मि.मी. भोकात आत सरकू शकतो. तोंडाकडचं काम करताना निम्मा शाफ्ट आत ओढून बाहेरची लांबी कमी करता येते. सब-स्पिंडल असेल तर दुसरं तोंडही त्याच मशीनवर होतं. फक्त टेलस्टॉक असेल तर जॉब उलटा बांधावा लागतो.

गरम होण्याचा भागही विसरू नये. पोलाद दर मीटरला प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. ९०० मि.मी. शाफ्ट १० अंशांनी तापला तर जवळपास ०.१ मि.मी. लांब होतो. टेलस्टॉकचा दाब नीट बसवता येत नसेल तर ही वाढ शाफ्टला वाकवते.

वाय-ॲक्सिस हवा की बी-ॲक्सिसही?

लाइव्ह टूल आणि सी-ॲक्सिस असलेल्या लेथवर कीवे होतो, पण कटरच्या रुंदीएवढाच. कटर झिजला की कीवे अरुंद होतो, बाजूने दुरुस्ती करता येत नाही. वाय-ॲक्सिस असेल तर बारीक कटर घेऊन दोन्ही भिंतींचं माप साधता येतं. शाफ्टवाल्यांसाठी वाय-ॲक्सिस जवळपास गरजेचाच आहे.

बी-ॲक्सिस म्हणजे वळणारं मिलिंग हेड आणि टूल चेंजर. तिरकी भोकं, वेगवेगळ्या कोनांतलं मिलिंग आणि जड कट असतील तरच तो पैसे परत करतो. माझाकचं इंटेग्रेक्स, ओकुमाचं मल्टस, डीएमजी मोरीचं एनटीएक्स, ऑस्ट्रियातील लिंझच्या डब्ल्यूएफएलचं मिलटर्न ही या गटातली प्रसिद्ध नावं. दोन कीवे आणि एक आडवं भोक एवढंच काम असेल तर टरेटवाल्या टर्न-मिलवर भागतं. तशी मशीन भारतीय कंपन्याही बनवतात.

तासाचा दर काढा

समजा मशीन दीड कोटीचं आहे आणि दहा वर्षांत वसूल करायचं आहे. वर्षाला घसारा १५ लाख, सरासरी थकबाकीवर १० टक्के व्याज साडेसात लाख. एकूण साडेबावीस लाख. दोन शिफ्टमध्ये ४००० तास काम मिळालं तर तासाला सुमारे ५६३ रुपये पडतात. एकाच शिफ्टचं, म्हणजे २००० तासांचं काम असेल तर ११२५ रुपये. वीज, टूल, पगार आणि देखभाल याच्या वर.

या दराशी आजच्या पद्धतीचा खर्च ताडून पाहावा : लेथ, व्हीएमसी, दोन्हीकडचं सेटिंग, मधे पडून राहिलेला माल आणि रिजेक्शन. लॉट लहान, जॉब वेगवेगळे आणि कीवे-भोकं भरपूर असतील तर टर्न-मिल जिंकतं. एकच साधा शाफ्ट हजारोंनी काढायचा असेल तर लांब बेडचा सीएनसी लेथ आणि शेजारी व्हीएमसी हीच जोडी स्वस्त पडते. शिवाय त्यातलं एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं.

सर्व्हिस, माणसं आणि अनुदान

बेळगावहून पुणे सुमारे साडेतीनशे आणि बेंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटर. सर्व्हिस इंजिनिअर कुठून आणि किती तासांत येणार, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्यावं. या मशीनवर नुसतं बटण दाबणारा ऑपरेटर चालत नाही. कॅम सॉफ्टवेअर, बरोबर पोस्ट प्रोसेसर आणि टक्कर आधीच दाखवणारं सिम्युलेशन लागतं. हेड एकदा चकवर आदळलं की दुरुस्तीचं बिल जबर येतं. त्यामुळे प्रशिक्षणाचे दिवसही किमतीतच ठरवून घ्यावेत.

सीमाभागात आणखी एक मुद्दा आहे. उद्यमबागेतल्या शॉपला कर्नाटकच्या औद्योगिक धोरणाचे नियम लागू होतात, तर पलीकडे चंदगड तालुक्यात शिनोळीला युनिट असेल तर महाराष्ट्राचे. अनुदानाची अट आणि अर्जाची वेळ ऑर्डर देण्याआधी पाहावी. निर्यात करणाऱ्यांनी ईपीसीजी योजनाही तपासावी. त्यात आयात शुल्क माफ होतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते.

ॲडव्हान्स देण्याआधी आपल्याकडचा सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक शाफ्ट ड्रॉइंगसह विक्रेत्याकडे न्यावा आणि त्यावर ट्रायल मागावी. एक नव्हे, सलग दहा नग. दोन्ही टोकांना आणि मध्ये व्यास मोजावा, रनआउट पाहावा, सायकल टाइम स्वतःच्या घड्याळावर लावावा. ट्रायलला टाळाटाळ झाली तर ते मशीन आपल्या जॉबचं नाही, असं समजून पुढच्या विक्रेत्याकडे जावं.