गाडी रेस घेत नाही? आधी तपासा, मग पार्ट बदला

ज्या घराची चूल टॅक्सीवर किंवा टुरिस्ट गाडीवर पेटते, त्या घरात गाडी एक दिवस उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर नाचू लागतो. त्यातच गॅरेजवाल्याने "थ्रॉटल बॉडी गेली, नवी टाकावी लागेल" असे सांगितले की घरातील माणसे हवालदिल होतात. हा पार्ट हजारोंच्या घरात जातो. तो बदलूनही चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागला तर पैसे गेले आणि दोषही राहिला, अशी गत होते. म्हणून ही तपासणी कशी करतात, ते चालकांनी आणि गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नीट समजून घेतले पाहिजे.

केबल गेली, वायर आली

जुन्या गाड्यांत एक्सलेटरच्या पेडलपासून इंजिनपर्यंत लोखंडी केबल असे. पेडल दाबले की केबल ओढली जाई, हवेच्या वाटेतील गोल झडप उघडे आणि इंजिन रेस घेई. आजच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत ही केबल नाही. पेडलला सेन्सर असतो. तो पाय किती दाबला हे विजेच्या संकेताने इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर हिशेब करून थ्रॉटल बॉडीतील छोट्या मोटरला हुकूम देतो आणि मोटर झडप फिरवते. झडप खरोखर किती उघडली, हे सांगणारे सेन्सर थ्रॉटल बॉडीतच असतात.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही ठिकाणी एक नव्हे, दोन-दोन सेन्सर असतात. हिशेबनीस जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद का ठेवतो? एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला पकडली जावी म्हणून. इथेही तेच आहे. दोन सेन्सरांच्या आकड्यांचा मेळ बसला नाही की कॉम्प्युटर कोणावरच विश्वास ठेवत नाही. तो मोटरची वीज तोडतो. मग स्प्रिंगच्या जोरावर झडप किंचित उघडी राहते आणि गाडी रांगत चालते. याला लिम्प मोड म्हणतात. चालकाला वाटते गाडी बिघडली. पण प्रत्यक्षात गाडी आपल्याला सुरक्षितपणे कडेला नेत असते.

कोड म्हणजे निकाल नव्हे

डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्याला स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी २१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही. पी २१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही. पी २१११ म्हणजे झडप उघडी अडकली, पी २११२ म्हणजे बंद अडकली. पी २१०१ आला तर मोटर आणि तिच्या वायरिंगकडे पाहायचे.

पण कोड फक्त तक्रार नोंदवतो, गुन्हेगार सांगत नाही. पी २१३५ आला म्हणजे सेन्सर खराब असेलच असे नाही. वायर तुटलेली, कप्लरमध्ये पाणी, सैल पिन, खराब अर्थिंग, यांपैकी कशानेही हाच कोड येतो. ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी खतावणीच नवी आणत नाही. एकेक नोंद तपासतो.

तपासणीचा क्रम

१) कोड पुसण्यापूर्वी तो लिहून घ्या. कोड नोंदला गेला तेव्हाचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमानही स्कॅनरवर दिसते. तेही लिहून घ्या.

२) बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. बॅटरी कमजोर असेल तर खोटे कोड येतात.

३) डोळ्यांनी पाहा. बॉनेटखाली उंदराने वायर कुरतडली आहे का? कप्लरच्या पिनांवर हिरवा गंज आहे का? पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर हे हमखास पाहावे. ब्रेकचा दिवा लागतो का, तेही पाहा. काही गाड्यांत ब्रेकचा साधा स्विच बिघडला तरी इंजिनची ताकद कमी केली जाते.

४) चावी चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर चालू आकडे पाहा. पेडल सावकाश दाबा. दोन्ही आकडे सलग चढले पाहिजेत, मध्येच उडी नको. पुष्कळ गाड्यांत पेडलच्या एका सेन्सरचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असतो. थ्रॉटलच्या सेन्सरांत बहुधा एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि बेरीज पाच व्होल्टच्या आसपास राहते. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, म्हणून त्या गाडीचे मॅन्युअल जवळ असावे.

५) आकडे पाहत असतानाच वायरिंग हलक्या हाताने हलवा. आकडा दचकला की दोष तिथेच आहे.

६) मल्टिमीटरने कप्लरमध्ये पाच व्होल्ट येतात का आणि अर्थिंग चांगले आहे का, हे मोजा. पाच व्होल्ट येत नसतील तर त्याच पुरवठ्यावरचे दुसरे सेन्सर एकेक करून काढून पाहा. कधी कधी दुसराच सेन्सर आतून शॉर्ट होतो आणि दोष थ्रॉटलवर येतो.

७) झडपेभोवती काजळी जमली असेल तर क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. चावी चालू असताना झडपेत बोट घालू नका. मोटर अचानक फिरून बोट चिरडू शकते. स्क्रू-ड्रायव्हरने झडप जोरात ढकलली तर आतील दाते मोडतात.

एवढे सगळे ठीक निघाले आणि तरीही दोष राहिला, तरच पार्ट बदलण्याचा विचार करावा. पार्ट साफ केला किंवा बदलला, तर कॉम्प्युटरला झडपेची बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते. ते राहिले तर इंजिन उगाच जोरात फिरते आणि गिऱ्हाईक म्हणते, "आधी बरी होती!"

नासाने काय शोधले?

२००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारींचा गदारोळ झाला. तेथील वाहतूक खात्याने चक्क नासाच्या इंजिनीअरांना तपासणीस बसवले. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. गाडीने धोकादायक वेग घ्यावा असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. पेडलमध्ये अडकणारी पायाखालची मॅट आणि चिकटून राहणारे पेडल, ही दोन यांत्रिक कारणे मात्र तेथील वाहतूक खात्याने आधीच नोंदवली होती. बिघडलेल्या एका पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचा केसाहून बारीक तंतू वाढलेला सापडला. त्याने दोन्ही संकेत एकमेकांना जोडले होते.

यातून आपण काय घ्यायचे? एवढ्या मोठ्या संस्थेनेही अंदाजाने दोष दिला नाही, मोजून पाहिले. आणि पहिली तपासणी फुकटची आहे: चालकाच्या पायाखाली एकावर एक टाकलेल्या मॅट काढा.

चालत्या गाडीत पेडल अडकलेच तर घाबरू नये. ब्रेक घट्ट दाबून धरावा, गिअर न्यूट्रल करावा, गाडी कडेला घ्यावी आणि मगच इंजिन बंद करावे. गाडी चालत असताना चावी पूर्ण फिरवून काढू नये, स्टिअरिंग लॉक होते.

आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड करणाऱ्या मुलामुलींनी पान्याइतकाच मल्टिमीटर हाताळायला शिकावे. आणि गाडीमालकांनी गॅरेजमध्ये दोन प्रश्न जरूर विचारावेत: "कोड कोणता आला? मोजून काय निघाले?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नये.